महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव : मंजुरी, मौन आणि रद्दीकरण

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महाडचे नाव २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७ या दोन दिवसांशी कायमचे जोडले गेले आहे. चवदार तळ्याचे पाणी आणि मनुस्मृतीचे दहन या दोन घटनांनी या गावाला जे स्थान मिळवून दिले, त्याविषयी विपुल लेखन झालेले आहे आणि ते होणे स्वाभाविकही आहे. मात्र या लेखनात एक संस्था बहुधा पार्श्वभूमीपुरतीच उरते. ती म्हणजे महाडची नगरपालिका. १९२४ मध्ये याच नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करणारा ठराव मंजूर केला आणि १९२७ मध्ये याच नगरपालिकेने तो रद्द केला. या दोन ठरावांच्या मधल्या काळात जे घडले ते सत्याग्रहाचा इतिहास म्हणून वाचले जाते. परंतु तो एका लहान नगराच्या निर्वाचित संस्थेच्या निर्णयप्रक्रियेचाही इतिहास आहे. महाडला जे लोक तळ्यावर गेले ते कायदा मोडण्यासाठी गेले नव्हते, तर स्थानिक संस्थेने आधीच घेतलेल्या निर्णयाची अंमलबजावणी करण्यासाठी गेले होते. ही बाब बाजूला ठेवली तर त्या दिवसाचे स्वरूप आणि त्यानंतर झालेल्या प्रतिक्रियेचे स्वरूप, दोन्ही नीट उलगडत नाहीत.

नगर आणि त्याची नगरपालिका

सावित्री नदीच्या काठावर वसलेले महाड हे त्या काळच्या कुलाबा, म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कोकणची किनारपट्टी आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या मार्गावरील बाजारपेठ म्हणून त्याचे महत्त्व जुने आहे. येथे नगरपालिका १८६६ मध्ये स्थापन झाली. म्हणजे ज्या काळात ठरावाचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा ही संस्था जवळपास साठ वर्षांची होती आणि रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी या विषयांवर निर्णय घेण्याची तिला सवय झालेली होती.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात स्थानिक स्वराज्य संस्थांचा विस्तार झाला आणि १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने लहान नगरांच्या कारभाराला निश्चित चौकट दिली. सार्वजनिक तळी, विहिरी, रस्ते इत्यादी मालमत्ता नगरपालिकेकडे निहित होण्याची तरतूद याच चौकटीतील होती. पुढे न्यायालयात हीच तरतूद निर्णायक महत्त्वाची ठरली. परंतु चौकट कायद्याची असली तरी तिच्यात बसणारी माणसे गावातील होती. मताधिकार कर आणि मालमत्ता यांच्याशी बांधलेला असल्यामुळे सभागृहात प्रतिबिंब पडत असे ते घरे, दुकाने आणि जमिनी असलेल्या वर्गाचे. ज्यांना तळ्यावर जाण्यास मज्जाव होता, त्यांना नगरपालिकेच्या मतपेटीपर्यंत पोहोचण्याची वाटही जवळजवळ बंदच होती.

या संदर्भात महाड तालुक्यातीलच एक पूर्वीची घटना बोलकी आहे. लष्करातून निवृत्त झालेले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणारे गोपाळबाबा वलंगकर यांची १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर सदस्य म्हणून नियुक्ती झाली, तेव्हा उच्चवर्णीयांमध्ये नाराजी उमटली. येथे ‘नियुक्ती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वलंगकर मंडळावर आले ते सरकारच्या अधिकारात, निवडणुकीच्या मार्गाने नव्हे. स्थानिक संस्थांना जितकी स्वायत्तता मिळत गेली तितके स्थानिक बहुसंख्याकांचे वर्चस्व बळकट होत गेले, हा स्वराज्याच्या इतिहासातील अडचणीचा भाग आहे आणि राष्ट्रीय दृष्टिकोनातून लिहिलेल्या ग्रंथांत त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. लष्करी नोकरीमुळे शिक्षण, निवृत्तिवेतन आणि आत्मविश्वास मिळालेला महार समाज महाड-दापोलीच्या पट्ट्यात मोठ्या संख्येने होता. नगरपालिकेतील ठरावाला पुढे ज्यांनी अर्थ प्राप्त करून दिला ते या परंपरेतून आलेले लोक होते.

बोले यांचा ठराव : आज्ञा की शिफारस?

महाडच्या ठरावाचे मूळ मुंबईत आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या वा राखलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग करण्याची मुभा अस्पृश्य वर्गांना असावी, असे त्याचे सार होते. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला सरकारने त्यानुसार आदेश काढला. सरकारी खात्यांच्या प्रमुखांनी आपल्या अखत्यारीतील जागांबाबत ठराव अमलात आणावा, असे त्यात होते. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना तसा सल्ला द्यावा, एवढेच अपेक्षित होते.

आज्ञा आणि सल्ला यांतील हा फरक भाषेचा नव्हे, घटनात्मक रचनेचा होता. १९१९ च्या सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य हा विषय सोपीव खात्यांत गेलेला होता. कौन्सिलचा ठराव हा सरकारला केलेली शिफारस असे आणि सरकारनेही नगरपालिकांच्या स्वायत्ततेचा मान राखून ती शिफारस पुढे पाठवली. परिणामी प्रत्येक नगरपालिकेला हा प्रश्न आपल्या सभागृहात नव्याने सोडवावा लागणार होता. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा व दवाखाने यांबाबत काढलेल्या हुकुमाशी याची तुलना केली की भेद स्पष्ट होतो. तेथे राजाचा हुकूम होता आणि तो मोडणाऱ्याला उत्तर राजाला द्यावे लागे. ब्रिटिश मुलखात मात्र जबाबदारी कौन्सिलकडून सरकारकडे, सरकारकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून नगरपालिकेकडे सरकत गेली.

बोले यांना हे उमगले होते असे दिसते. तीन वर्षे प्रतीक्षा करून त्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव मांडला. जी नगरपालिका वा लोकल बोर्ड पूर्वीचा ठराव अमलात आणण्यास नकार देईल तिचे सरकारी अनुदान रोखावे, अशी त्यात शिफारस होती. सल्ल्यामागे पैशाचा धाक उभा करण्याचा हा प्रयत्न होता. मात्र हाही ठराव शेवटी शिफारशीच्याच स्वरूपाचा होता, हे विसरता येत नाही.

जानेवारी १९२४ : होकार आणि मौन

सरकारी सूचना आल्यानंतर महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्यास मान्यता देणारा ठराव केला. इलाख्यातील अनेक स्थानिक संस्थांनी या विषयावर काहीच न बोलणे पसंत केले असताना एका लहान नगरपालिकेने असा ठराव करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. सामाजिक सुधारणेला अनुकूल असा एक गट महाडमध्ये होता. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून या प्रकरणात ज्यांचे नाव येते ते सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस आणि त्यांच्याबरोबर काम करणारे अनंत विनायक चित्रे हे दोघेही चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील होते. गावातील प्रभावी जातींमध्ये एकमत नसल्यामुळे ठरावाला वाट मिळाली, असे अनुमान काढणे वावगे ठरू नये.

परंतु ठराव मंजूर झाल्यानंतर तीन वर्षे तळ्यावरील परिस्थितीत काहीच बदलले नाही. सवर्णांच्या विरोधापुढे तो कागदावरच राहिला. यासाठी केवळ विरोधकांना जबाबदार धरणे अपुरे आहे. तळे खुले करणे ही नवा रस्ता बांधण्यासारखी बाब नव्हती; त्यासाठी निविदा, मजूर वा खर्च लागत नव्हता. लागत होते ते एवढेच, की पाणी भरण्यास येणाऱ्यास कोणी अडवू नये आणि अडवल्यास संस्थेने त्याच्या पाठीशी उभे राहावे. ठराव परवानगी देत होता, संरक्षण देत नव्हता. चार ते पाच एकरांच्या या तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते होते आणि रस्त्यांपलीकडे बहुतांशी सवर्णांची घरे होती. एकट्यादुकट्या अस्पृश्य माणसाने घागर घेऊन तेथे जाणे म्हणजे साऱ्या वस्तीच्या नजरेखाली जाणे होते. मुसलमान आणि ख्रिस्ती लोक जेथे पाणी घेऊ शकत, जनावरे जेथे पाणी पीत, तेथे नगरपालिकेचा ठराव हाती असूनही याच गावच्या रहिवाशाला जाता येत नव्हते.

२० मार्च १९२७ : अंमलबजावणी

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन १९ आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाड येथे भरले. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते, चित्रे, टिपणीस आणि सोशल सर्व्हिस लीगचे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांचा त्याच्या आयोजनात वा कामकाजात सहभाग होता. उपस्थितीचे आकडे अडीच हजारांपासून दहा हजारांपर्यंत वेगवेगळे दिले गेले आहेत. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवलेला एक तपशील नगरपालिकेच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावच्या नगरपालिकेने सार्वजनिक तळे सर्वांना खुले असल्याचे तीन वर्षांपूर्वी ठरवले होते, त्याच गावात पिण्याच्या पाण्यासाठी पैसे मोजावे लागावेत, यावरून ठरावाची खरी स्थिती कळते.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण करून देऊन, जमलेल्यांनी तळ्यावर जाऊन तो अमलात आणावा असे सुचवले. त्यानंतर शिस्तबद्ध मिरवणूक तळ्याकडे निघाली आणि डॉ. आंबेडकरांसह प्रतिनिधींनी पाणी प्राशन केले. सभासदांच्या होकाराने जे तीन वर्षांत घडले नव्हते ते लोकांच्या पावलांनी काही मिनिटांत घडले. या कृतीला सत्याग्रह म्हटले जाते. महाडच्या बाबतीत या शब्दाची छटा थोडी वेगळी आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते. अन्याय्य कायद्याचा भंग करून शिक्षा स्वीकारणे हा सत्याग्रहाचा रूढ अर्थ येथे पूर्णपणे लागू पडत नाही. मोडला गेला तो रूढीचा निर्बंध. नगरपालिकेचा निर्णय तर पाळला गेला.

त्यानंतर जमाव वीरेश्वराच्या मंदिरातही शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे फौजदारी न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ १०८ घागरी पाणी उपसून आणि पंचगव्य मिसळून करण्यात आले. तळे नगरपालिकेचे, शुद्धीकरण मात्र एका गटाचे, अशी ही परिस्थिती होती.

४ ऑगस्ट १९२७ : माघार

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा मूळ ठराव कौन्सिलमध्ये मंजूर झाल्यास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. हा योगायोग असावा, पण तो नजरेतून सुटण्यासारखा नाही.

या रद्दीकरणाचा अर्थ दोन अंगांनी तपासावा लागतो. पहिले अंग उघड आहे. जो ठराव कोणी वापरत नव्हते तोवर तो कोणाला खुपत नव्हता. तो वापरला गेल्याबरोबर असह्य झाला. तीन वर्षे सभागृहाच्या दप्तरात निर्धास्तपणे पडून असलेला कागद पाच महिन्यांत रद्द करण्याइतका धोकादायक ठरला. दुसरे अंग कमी चर्चिले गेले आहे आणि ते कायद्याच्या दृष्टीने अधिक रोचक आहे. एखाद्या संस्थेला आपला निर्णय मागे घेता येतो तो तिला मुळात तो निर्णय घेण्याचा अधिकार असेल तरच. तळे खुले करण्याचा ठराव रद्द करून नगरपालिकेने तळ्यावरील आपला अधिकार नाकारला नाही, उलट तो वापरला. पुढे ज्यांनी तळे सवर्णांच्या खाजगी मालकीचे असल्याचा दावा केला, त्यांच्या भूमिकेशी हे रद्दीकरण जुळणारे नव्हते. तळे खाजगी असते तर नगरपालिकेला ते खुलेही करता आले नसते आणि बंदही करता आले नसते.

डॉ. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातून महाडचा प्रश्न सातत्याने मांडला गेला. रद्दीकरणानंतर तळ्यावरील हक्क पुन्हा बजावण्यासाठी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद घेण्याचे ठरले. नगरपालिकेचा आधार आता उरला नव्हता. मार्चमध्ये निर्णयाच्या अंमलबजावणीची भाषा शक्य होती. डिसेंबरमध्ये हक्काची आणि समतेची भाषा अपरिहार्य झाली. या बदलाचे श्रेय, काहीसे उपरोधाने, माघार घेणाऱ्या नगरपालिकेलाही द्यावे लागेल.

सभागृहातून न्यायालयाकडे

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात काही सवर्ण नागरिकांनी दावा दाखल केला आणि १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. प्रतिवादी होते डॉ. आंबेडकर आणि त्यांचे चार सहकारी. दावा ज्यांनी पाणी घेतले त्यांच्याविरुद्ध होता. २५ ते २७ डिसेंबरची परिषद फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जागेवर भरली. प्रतिनिधी तळ्यावर जाण्यास उत्सुक असताना न्यायालयाच्या हुकुमाचा मान राखून तो कार्यक्रम स्थगित करण्याचा सल्ला डॉ. आंबेडकरांनी दिला आणि परिषदेने तो मानला. नगरपालिकेने आपल्याच ठरावाचा मान राखला नव्हता. ज्यांच्याविरुद्ध हुकूम निघाला त्यांनी मात्र तो राखला.

तात्पुरती मनाई फेब्रुवारी १९२८ मध्ये उठली, पण मूळ दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. महाडचे सबजज्ज व्ही. आर. सराफ यांनी ८ जून १९३१ रोजी निकाल प्रतिवादींच्या बाजूने दिला. ठाण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ रोजी त्यावरील अपील फेटाळले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळून लावले. तळ्यावरच्या पहिल्या पाण्याला त्या वेळी दहा वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस कमी होते.

या निकालाचा आधार नेमका कोणता होता, याविषयी अनेकदा ढोबळ विधाने केली जातात. खाजगी मालकीचा दावा खालच्या न्यायालयांत टिकला नाही. उच्च न्यायालयात मुख्य मुद्दा उरला तो रूढीचा. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट दीर्घकाळची असल्याचे पुराव्यात दिसत होते. परंतु कायद्याने रूढीला मान्यता मिळण्यासाठी ती अनादी काळापासूनची असणे आवश्यक असते आणि वादींना ते सिद्ध करता आले नाही. ते सिद्ध झाले असते तर अशी रूढी अवाजवी वा लोकहितविरोधी आहे काय, याचा विचार करावा लागला असता. ते सिद्ध न झाल्यामुळे न्यायालयाने त्या प्रश्नात शिरण्याचे टाळले. म्हणजे प्रतिवादी जिंकले, पण पाण्यावरील समान हक्काची घोषणा न्यायालयाने केली नाही आणि नगरपालिकेच्या १९२४ व १९२७ च्या ठरावांचे मूल्यमापनही निकालाचा पाया ठरले नाही. जो प्रश्न सभागृहात एका ठरावाने सुटू शकला असता त्यासाठी तीन न्यायालये आणि नऊ वर्षांहून अधिक काळ खर्ची पडला आणि तरीही त्याचे उत्तर नकारात्मक स्वरूपातच मिळाले : अडवण्याचा हक्क सिद्ध झाला नाही, इतकेच.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांचा उल्लेख आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या अथवा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या अशा ठिकाणी जात, धर्म इत्यादी कारणांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. सार्वजनिक निधी हा निकष १९२३ च्या बोले यांच्या ठरावातही होता, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष महाडच्या दाव्यातील प्रतिवादी होते. अनुच्छेद १२ मध्ये मूलभूत हक्कांच्या प्रकरणापुरती ‘राज्य’ या संज्ञेची जी व्याख्या केली आहे तिच्यात स्थानिक प्राधिकरणांचा समावेश होतो. त्यामुळे ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या सभागृहाने ज्या विषयावर बहुमताने निर्णय फिरवला, तो विषयच कोणत्याही नगरपालिकेच्या बहुमताच्या कक्षेबाहेर गेला.